आजाऱ्याचं करणाऱ्यांचं कोण करणार?

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी विहाराच्या कामाचा हिशोब मांडायचा, अशी आपली पद्धत आहे. फरशी बसली, वाचनालय झाले, मुलांचे धम्मवर्ग चालू झाले. हे सगळे आपल्या कष्टाच्या पैशातून उभे राहिले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण आज आम्ही एका वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. जे या कार्यक्रमाला आले आहेत त्यांच्याविषयी नव्हे, तर जे येऊ शकले नाहीत त्यांच्याविषयी. अंथरुणाला खिळलेला माणूस इथे येऊ शकत नाही, हे आपण समजतो. पण त्याच्या उशाशी बसलेलं माणूसही येऊ शकत नाही, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. आजाऱ्याची चौकशी आपण जाता-येता करतो. "आई कशा आहेत गं?" म्हणून विचारतो. "तू कशी आहेस?" हे त्या बाईला कोण विचारतं?

आपल्या भाषेत एक चांगला शब्द आहे, 'करणं'. "म्हातारीचं कोण करतं?" "धाकटी सून करते." या एका शब्दात किती कामे आली बघा! उठवणे, बसवणे, अंग पुसणे, भरवणे, औषध देणे, शी-शू काढणे, कपडे धुणे, रात्री तीन वेळा उठणे, आणि वर आजाऱ्याची चिडचिड ऐकून घेणे. या कामाला पगार नाही, सुट्टी नाही, रजा नाही. कोणी आठ तास नोकरी केली तर आपण म्हणतो, "दमून आलाय, त्याला चहा द्या." आणि ही चोवीस तास करते, तिला आपण म्हणतो, "ती काय, घरीच असते."

आपल्या वस्तीत अशी घरे शोधायला लांब जावे लागत नाही. कुठे पक्षाघाताने पडलेले वडील आहेत आणि नोकरी सोडून घरी बसलेली मुलगी आहे. कुठे मतिमंद मुलाला वाढवता वाढवता आई स्वतः म्हातारी झाली आहे. कुठे रिटायर झालेले काका आपल्या विसरभोळ्या झालेल्या पत्नीची वेणी घालतात. होय, पुरुषही करतात, आणि त्यांना तर कोणाजवळ बोलायचीही चोरी असते. पण बहुतेक भार बाईवरच पडतो, हे आम्ही नुसतं मनाचं सांगत नाही. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात असे दिसले की, १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करतात, तर पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देते, करणारा पुरुष ७४ मिनिटे. यात लहान मुलांची देखभालही आली. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल, तर मिनिटांचा हिशोबच राहत नाही.

आता आपण विहारात बसलो आहोत, तेव्हा तथागतांनी याविषयी काय सांगितले ते पाहू. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या निवासस्थानांची पाहणी करीत होते. तेव्हा एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. तुझी शुश्रूषा करायला कोणी नाही का, असे भगवंतांनी विचारले. तो नाही म्हणाला. का नाही? तर मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे लक्ष देत नाहीत, असे त्याने सांगितले. भगवंतांनी तिथे उपदेश केला नाही. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायाकडून धरून त्याला उचलले आणि मंचकावर निजवले. त्यानंतर त्यांनी भिक्खूंना एकत्र बोलावून सांगितले की, तुमची काळजी घ्यायला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची घेतली नाही तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. पण तिचा अर्थ आपण सोयीने घेतो. "सेवा हा धर्म आहे" असे म्हणून ती सगळी सेवा एका सुनेच्या पदरात टाकतो आणि मोकळे होतो. भगवंतांनी तसे सांगितलेले नाही! नीट बघा. त्या भिक्खूला उचलायला दोघे होते. एक डोक्याकडे, एक पायाकडे. आणि पुढे त्यांनी जो नियम घालून दिला त्यात क्रम आहे. आजाऱ्याचे उपाध्याय असतील तर त्यांनी करावे, आचार्य असतील तर त्यांनी, शिष्य असतील तर शिष्यांनी, सहाध्यायांनी करावे. आणि यांपैकी कोणीच नसेल, तर संघाने करावे. संघाने केले नाही तर तो दोष संघाचा. एकट्या आनंदावर सगळ्या आजाऱ्यांचा भार टाकून बाकीचे ध्यानाला बसले, असे कुठेही नाही.

त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण हवेत तेही सांगितले आहे. औषध तयार करता यावे, काय मानवते आणि काय मानवत नाही याची जाण असावी, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने करावे, मलमूत्र-वांतीची किळस नसावी, आणि धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याच्या मनाला उभारी देता यावी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी शिकायच्या आहेत. म्हणजे शुश्रूषा ही विद्या आहे. ती बाईच्या पोटातून येत नाही. जी विद्या शिकता येते ती मुलग्यालाही शिकवता येते.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. भिक्खू मरण पावला की त्याच्या पात्र-चीवराचा मालक संघ होतो. पण भगवंतांनी अनुज्ञा दिली की, आजारपणात ज्यांनी सेवा केली त्यांचे उपकार मोठे आहेत, म्हणून त्या भिक्खूचे पात्र आणि तीन चीवरे संघाने त्यांना द्यावीत. भिक्खूची मालमत्ता ती केवढी! पण भगवंतांनी करणाऱ्याची आठवण ठेवली. आपल्याकडे काय होतं? दहा वर्षे सासूचं करणारी सून तेराव्या-चौदाव्या महिन्यात कोणाला आठवत नाही. खोलीचा विषय निघाला की, कधी पाणी पाजायला न आलेलेही हिस्सा मागायला येतात.

आपल्या महामानवांनीही हेच दाखवून दिले. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा डॉक्टर असलेल्या यशवंतरावांसह सावित्रीमाईंनी रुग्णांची सेवा केली आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंत होणाऱ्या कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा विचार होता. घरातली गोष्ट म्हणून त्यांनी ती घरावर सोडून दिली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या दीर्घ आजाराचा उल्लेख केला आणि आपण तगून राहिलो याचे श्रेय आपली पत्नी डॉ. सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांना दिले. ज्या माणसाने देशाची घटना लिहिली, त्याने आपलं आजारपण काढणाऱ्यांचं ऋण कागदावर लिहून ठेवलं. आपण निदान तोंडाने तरी "तू आहेस म्हणून निभावतंय" असं म्हणायला काय हरकत आहे?

आता थोडे कामाचे बोलू. जे घरी आजाऱ्याचे करतात त्यांना आमचे सांगणे आहे.

पडून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. पाठीला, कमरेला, टाचेला लाल डाग दिसला तर तो चोळू नये. ती पाठ फुटायची पहिली खूण असते. त्या जागेवरचा दाब काढावा आणि डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवावे. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण गादी आहे म्हणून कूस बदलणे थांबवू नये. भरवताना निजवून भरवू नये, पाठीला आधार देऊन बसवावे, आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. लकवा मारलेल्या बाजूचा हात ओढून उठवू नये, खांदा दुखावतो. उचलताना स्वतःच्या कमरेतून वाकू नये, गुडघ्यात वाकावे आणि माणूस अंगाजवळ धरावा. कितीतरी जणींची कंबर आजाऱ्याच्या आधी जाते, ती याच कारणाने.

म्हातारं माणूस घरचा रस्ता चुकायला लागलं, जेवून पुन्हा जेवायला मागायला लागलं, चोरीचा आळ घ्यायला लागलं, की कोणी म्हणतं म्हातारचळ लागला, कोणी म्हणतं बाहेरचं झालं. बाहेरचं वगैरे काही नसतं. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. देवऋषाकडे जायचे नाही, डॉक्टरकडे जायचे. हा स्मृतिभ्रंश असू शकतो, तो मेंदूचा आजार आहे. आणि एकदोन दिवसांत अचानक बडबड, भ्रम सुरू झाला तर लघवीचा जंतुसंसर्ग, साखर किंवा शरीरातले क्षार कमी-जास्त होणे अशीही कारणे असतात. त्यावर लगेच उपचार होतात. त्या माणसाचा आळ मनाला लावून घेऊ नका. तो आजार बोलतो, माणूस नाही.

आणि ताईंनो, दादांनो, स्वतःकडे बघा. संयुत्त निकायात बांबूवर कसरत करणाऱ्या गुरू-शिष्याची कथा आहे. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, तसे नको. तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, म्हणजे दोघेही नीट खाली उतरू. भगवंतांनी शिष्याचे म्हणणे योग्य ठरवले, आणि जो स्वतःला सांभाळतो तो दुसऱ्यालाही सांभाळतो, असे सांगितले. तेव्हा आपल्या गोळ्या चुकवू नका, आपलं जेवण उभ्याने उरकू नका. कधी कधी मनात येतं, "सुटेल तर बरं होईल." असा विचार आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. थकलेल्या शरीराचा तो विचार असतो. पण झोप उडाली, रडू थांबेना, आजाऱ्यावर हात उचलावासा वाटू लागला, तर गप्प बसू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, तिथे फुकट आणि मराठीतही बोलता येते. वृद्धांच्या प्रश्नांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

सरकारी मदतीचेही थोडे सांगतो. पक्षाघाताने किंवा अन्य कारणाने कायमचे अपंगत्व आले असेल, तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत, मतिमंदत्व, दीर्घकालीन मानसिक आजार आणि पार्किन्सन हेही त्यात येतात. निराधार आणि दिव्यांगांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, तर ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयाकडे करायचा. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. मात्र ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, घरच्या शुश्रूषेचा खर्च त्यातून निघत नाही, हे ध्यानात ठेवा.

मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग मुलांच्या आईबापांच्या मनात एकच प्रश्न असतो, "आमच्या मागे याचं कोण?" १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे अशा मुलाला १८ वर्षे पूर्ण झाली की जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीमार्फत कायदेशीर पालक नेमता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. हे काम आईबाप हयात आणि धडधाकट असतानाच करून ठेवायचे असते.

२०१६ च्या कायद्याने एक दार उघडून ठेवले आहे. ज्यांना फार आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी देखभाल भत्त्याची तरतूद राज्यांनी आपापल्या योजनांत करावी, असे त्यात म्हटले आहे. हे दार ठोठावायचे काम आपल्यासारख्यांनी मिळून करायचे आहे. आणि २००७ च्या कायद्याप्रमाणे, जी मुले आईवडिलांना सांभाळत नाहीत त्यांच्याकडून निर्वाहखर्च मागण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. बहीण करते म्हणून भाऊ सुटला, असे कायदाही मानत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हात जोडून एक विनंती. नवरा हयात असताना सुनेला सासू-सासऱ्यांच्या मालमत्तेत आपोआप वाटा मिळत नाही. जिने तुमचं केलं तिला काही द्यावंसं वाटत असेल, तर शुद्धीवर असताना, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र करा. तेच आजचे पात्र-चीवर समजा.

पण कागदांनी रात्र सरत नाही. रात्रीला माणूस लागतं. इथे आम्हांला केरळची आठवण येते. कोझिकोडला १९९३ साली वेदनाशामक उपचारांचे एक छोटे काम सुरू झाले. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच ते आपल्या हाती घेतले. आठवड्यातून दोनेक तास देऊ शकणारी साधी माणसे प्रशिक्षण घेऊन आपल्याच गल्लीतल्या आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागली. कोणी जखम धुतो, कोणी तांदूळ पोचवतो, कोणी नुसता बसतो. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केले. ती माणसे आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हती. त्यांनी फक्त वेळ वाटून घेतला.

तेच आपल्याला करायचे आहे. आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडावे. तिथे एक वही असावी, वस्तीत कोणाच्या घरी आजारी माणूस आहे आणि त्याचं कोण करतं, या दोन्ही गोष्टी तिच्यात लिहाव्यात. शिकलेल्या मुलांनी आळीपाळीने बसून फॉर्म भरून द्यावेत. तहसीलमध्ये खेटे घालायला कोणीतरी बरोबर जावे. आजाऱ्याला सोडून तिने रांगेत उभे राहायचे कसे? एक चाकाची खुर्ची, एक वॉकर, एक हवेची गादी विहाराने घेऊन ठेवावी आणि गरज संपली की ती परत यावी. आशाताईंना किंवा ओळखीच्या नर्सताईंना बोलावून कूस बदलणे, भरवणे, उचलणे हे शिकवावे, आणि त्या वर्गाला घरटी एक पुरुष आलाच पाहिजे.

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. आठवड्यातून दोन तास, आजाऱ्याजवळ दुसरं माणूस बसावं. त्या दोन तासांत तिने बाजारात जावं, डोळे मिटून पडावं, माहेरी जावं किंवा इथे विहारात येऊन वंदना म्हणावी. तिने काय करावं हे आपण विचारायचं नाही. आणि तिथे गेल्यावर "तुम्ही असं का करत नाही, तसं का करत नाही" असा सल्लाही द्यायचा नाही. चहासुद्धा तिच्याकडून घ्यायचा नाही!

तरुणांनो, जयंतीला तुम्ही रात्र-रात्र जागून मंडप घालता, त्याचे आम्हांला कौतुकच आहे. त्याच ताकदीने महिन्यातून एक रात्र शेजारच्या आजोबांजवळ जागा. त्या रात्री एक बाई सलग सहा तास झोपेल.

दानपेटीत टाकलेला पैसा तर दान आहेच. पण ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्याजवळही दोन तास असतात. ते दान कोणीही करू शकतो. आज बाहेर दारापाशी आम्ही ती वही ठेवली आहे. तिच्यात दोन रकाने आहेत. एकात, ज्यांना मदत हवी त्यांनी नाव लिहायचे. मदत मागण्यात कमीपणा नाही. दुसऱ्यात, जे वेळ देऊ शकतात त्यांनी. पहिल्या रकान्यातल्या बऱ्याच जणी आज इथे नाहीत, म्हणून त्यांची नावे शेजाऱ्यांनी त्यांना विचारून सांगावीत. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब व्हावा, एवढीच आमची इच्छा आहे.



सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!